सर्च इंजिनांना चूलबंद आवतन

आमच्या घरी कोसा विणायचा माग आला तो बायकोच्या माहेराहून. मी शाळेत गणित शिकवायचो आणि घरी येऊन मागाच्या खटखटीत पेपर तपासायचो. त्या मागावर माझा अधिकार एवढाच, की उकडायला लागलं तर खिडकी उघडायची.

कोसा म्हणजे आमच्या रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर अळ्या वाढतात, राखण करणारी माणसं पाखरं हाकलत दिवसच्या दिवस झाडाखाली काढतात, तेव्हा कुठे मूठभर कोष हाती लागतात. त्याचं सूत निघतं मधासारख्या रंगाचं. बायको त्या सुताच्या साड्या आणि दुपट्टे विणायची आणि प्रत्येक कापडाच्या एका कोपऱ्यात ऐनाचं एक पान घालायची. बोटाएवढं. तिची आईही घालायची. कापड कोणाच्या हातचं आणि कुठलं, हे सांगणारी खूण दुसरी कोणतीच नव्हती.

नागपूरचा एक व्यापारी दर महिन्याला येऊन कापड न्यायचा आणि त्यावर एका दूरच्या, रेशमासाठी नावाजलेल्या शहराचं लेबल लावून विकायचा. हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. चहा मात्र सगळे मिळून प्यायचो.

एका उन्हाळ्यात तो म्हणाला, "बाई, ते पान काढून टाका आता. गिऱ्हाईक विचारते, हे कायचं पान, कोन्या गावचं कापड? जंगलातला माल म्हटला का तोंड वाकडं करते."

"मंग सांगा नं त्यायले, सिंदेवाहीकडचं हाय म्हनून," बायको म्हणाली.

"सिंदेवाही कुठी हाय हे सांगता सांगता दुकान बंद कराची वेळ होईन."

"पान राहीन."

"मंग कापडबी तुमच्याचपाशी राहीन, बाई."

आणि तो अर्धा चहा ठेवून उठला. आमच्याकडे माणूस भांडून जातो, शिव्या देऊन जातो, पण चहा संपवून जातो. अर्धा कप पाहिला तेव्हाच मला कळलं, हे प्रकरण साधं नाही.

खरं सांगायचं तर मनातून मी व्यापाऱ्याच्या बाजूचा होतो. एक पान, तेही बोटाएवढं. जाऊ द्यावं. पण हे मी बायकोला बोललो नाही, कारण तेव्हा ती धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडात, सूत भरत होती आणि धोट्याची दोन्ही टोकं अणकुचीदार असतात.

कापड पेटीत साचत गेलं. दिवाळीत मुलगी चंद्रपूरहून आली. ती तिथं पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकत होती. तिनं पेटी उघडून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आपण वेबसाइट काढू." तिनं आईच्या साड्या भिंतीवर टांगून फोटो काढले. एका फोटोत साडीच्या मागून माझ्या स्कूटरचा आरसा डोकावत होता, पण तीच साडी सगळ्यात चांगली आली होती. पान मोठं करून दाखवलं, त्याखाली गावाचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव लिहिलं. जागा फुकटातली, त्यामुळे पत्ता इतका लांब, की फोनवर सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागायचा.

खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. आठवड्याभरात तो चौदावर गेला. त्यातल्या अकरा वेळा मीच होतो.

मुलगी म्हणाली, "वेबसाइट नुसती काढून होत नाही. सर्च इंजिनांना कळवावं लागतं, की आम्ही इथं आहोत. मग कोणी शोधलं की ते आपलं नाव सांगतात."

"म्हंजे आवतन द्या लागते," बायको म्हणाली.

"हो आई, तसंच समज."

मुलीचं हे 'तसंच समज' आम्हाला फार महागात पडलं.

आवतन म्हणजे निमंत्रण, पण आमच्याकडचं. लग्नाचं आवतन चूलबंद असतं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं. आणि एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. आधी पत्रिका, मग आदल्या दिवशी आठवण, आणि शेवटी भात उतरला की माणूस दारोदार फिरतो: "चला हो, पंगत बसून राह्यली." पहिल्याच बोलावण्याला जो येतो त्याला लोक हावरट म्हणतात. आणि तिसरं बोलावणं ज्याच्या दारात पोचत नाही तो घरीच बसतो, उपाशी, आणि पुढं वर्षानुवर्षं ते बोलून दाखवतो. माझे एक काका सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नात असे घरी बसले होते. मांडव त्यांच्याच अंगणात होता.

मुलगी परत जाताना कागदावर लिहून गेली: 'सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरा, बटण दाबा. एकदाच.' एकदाच याखाली दोन रेघा होत्या.

बसस्टँडजवळ एका भाईचं दुकान होतं. आधी तिथं टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायचे, आता दोन कॉम्प्युटर होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, येताना कुकरसारखं किंचाळायचं. भाईनं नागपूरहून त्या सॉफ्टवेअरची एक सीडी आणली होती. "गुरुजी, एक बटन दाबा, हजार सर्च इंजिनले खबर जाते," तो म्हणाला. "आप सिर्फ फारम भरो."

मी आणि बायको फॉर्म भरायला बसलो. कोणते शब्द शोधले तर आपलं नाव यावं, असं त्यात विचारलं होतं. मी 'सिल्क', 'साडी' असं लिहायला लागलो.

"गावाचं नाव लिवा," बायको म्हणाली.

"अवं, ज्याला गाव माहीत नाही तो गावाचं नाव टाकून कशाला शोधेल?"

"लिवलंच नाई तं त्याले मालूम कसं होईन?"

गावाचं नाव लिहिलं. पुढं शहरांची यादी होती, त्यातलंच एक निवडायचं. आमचं गाव कुठलं असायला? चंद्रपूरही नव्हतं.

"नागपूर डालो गुरुजी, झंझट खतम," भाई म्हणाला.

"नागपूर काऊन?" बायकोनं खुर्ची वळवली. "नागपूरनं कधी धोटा धरला का, भाई?"

भाईनं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. यादीच्या तळाशी 'इतर' होतं. आम्ही इतर झालो.

बटण दाबलं. पडद्यावर नावांची रांग सरकायला लागली. नावासमोर हिरवी खूण म्हणजे आवतन पोचलं, लाल फुली म्हणजे नाही. फुल्या बऱ्याच होत्या.

"हे काऊन नाई म्हनून राह्यले?"

"बंद पडली असतील."

"घरी नसतीन. उद्या पुन्हा येऊ."

"पोरगी म्हणाली एकदाच."

"पोरगी शहरात राहून राह्यली. एकदा सांगून कोन येते?"

मी वाद घालायला हवा होता. पण माझं गणितही तेच म्हणत होतं: एकदा पाठवून एवढं होतं, तर तीस वेळा पाठवून तीसपट होईल. शिवाय त्या सॉफ्टवेअरमध्येच 'रोज पुन्हा पाठवा' असा चौकोन होता. ज्यांनी तो केला तेही आमच्यासारखेच लग्नघरचे असणार, असं मी धरून चाललो.

महिनाभर शाळा सुटली की मी भाईच्या दुकानात. लोकांना वाटलं गुरुजींना पत्त्यांचा नाद लागला. तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या सर्च इंजिनात मी गावाचं नाव आणि 'कोसा' असं टाकलं, आणि आमची वेबसाइट आली. पहिलीच! मी धावत जाऊन बायकोला घेऊन आलो. तिनं पडद्याजवळ जाऊन गावाचं नाव एक-एक अक्षर वाचलं. मग म्हणाली, "स्कूटर दिसून राह्यली."

त्या आनंदात आम्ही त्या दिवशी दोनदा आवतन पाठवलं.

पुढच्या आठवड्यात वेबसाइट तिथून नाहीशी झाली. दुसऱ्या मोठ्या इंजिनातूनही गेली. एक इंग्रजी ईमेल आला होता. तो मी एसटीडी बूथवरून मुलीला वाचून दाखवला.

"बाबा, किती वेळा टाकलं?"

"रोज."

मीटर पळत होतं.

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी भाईचं दुकान बंद असते."

तिनं समजावून सांगितलं. तिकडे पुन्हा पुन्हा कळवणं म्हणजे त्रास देणं. असं करणाऱ्याचं नाव ते यादीतून काढून टाकतात. माफीचा अर्ज केला तर कधी कधी परत घेतात.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. "जास्त बोलावलं म्हनून रुसले?"

"हो."

"असे कसे लोक हायेत हो? न बोलावलं म्हनून रुसनारे पाह्यले. बोलावलं म्हनून रुसनारे पह्यल्यांदा पाहून राह्यली."

मुलीनं माफीचा मजकूर पाठवला: आमच्याकडून गंभीर चूक झाली, आम्हाला खेद वाटतो, पुन्हा असं होणार नाही. मी वाचून दाखवला.

"चूक काऊन? चोरी केली का कोनाची?" ती म्हणाली. "आपली रीत काय ते लिवा अन् सोडा."

मग मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत लिहिलं, की आमच्या भागात एकदाच बोलावणं हा अपमान समजतात. तुम्हाला घरचं समजून रोज बोलावलं. तुम्हाला आवडत नसेल तर बोलावणार नाही. कापड इथंच आहे आणि गाव पण इथंच आहे. खेद वगैरे लिहिला नाही. पाठवताना बायको शेजारी बसली होती.

उत्तर आलं नाही.

व्यापाऱ्यापर्यंत ही गोष्ट कशी पोचली देव जाणे. बहुतेक भाईच्या दुकानातून, कारण तिथं माझ्या फजितीवर अख्खा बसस्टँड चहा पीत होता. होळीच्या आधी तो आला, अंगणातूनच हसत.

"काय बाई, कॉम्प्युटरनं किती साड्या नेल्या?"

"एकबी नाई."

"मी म्हनलोच होतो. सोडा आता. ते पान काढा, पेटीतलं सगळं आजच उचलतो. जे विनलं त्याचा कोपरा कापून घेऊ, कोनाले दिसनार नाई."

कापून घेऊ म्हटल्यावर बायको मागावरून उठली. तिनं एक साडी उलगडून त्याच्यासमोर धरली, पान वर करून. "हात लावून पाहा. कोठून कापता सांगा."

तो साडीकडे न पाहता माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले मानूस. तुम्ही तरी समजवा बाईले."

इतके महिने मी हेच शब्द मनात घोळवत होतो. एक पान, बोटाएवढं. तोंड उघडलं तर आवाज भलताच बारीक निघाला, दहावीच्या पोरासारखा. पण निघालं ते असं: "पान राहील."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, जणू खुंटीवरची पिशवी बोलली.

"मंग सडन पेटीत," व्यापारी म्हणाला.

"सडू दे," ती म्हणाली. "पानासकट सडन. चहा घेता का?"

त्यानं घेतला नाही.

एप्रिलमध्ये ईमेल आला. केरळातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा. त्यांनी रानरेशीम शोधलं होतं ते कुठल्याशा चिमुकल्या सर्च इंजिनावर, ज्याचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मोठे सगळे रुसून बसले होते, हे एक पंगतीला बसलं होतं. बाईंनी विचारलं होतं: हे गाव नकाशात सापडत नाही, नक्की कुठं आहे? आणि ते पान असलेलाच दुपट्टा मिळेल का? व्ही.पी.नं पाठवा, पार्सल सोडवताना पैसे भरीन.

एक दुपट्टा. आम्ही दोघंही पोस्टात गेलो, वरातीला जावं तसे कपडे करून. बायकोनं पार्सल पांढऱ्या कापडात स्वतः शिवलं होतं. पाठवणाऱ्याच्या जागी मी मोठ्या अक्षरांत तिचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिला होता.

पोस्टातल्या बाबूंनी चष्मा वर केला. "गुरुजी, इतक्या दूर जाऊन राह्यलं. परत आलं तं कुठी हुडकतीन? जवळचं मोठं गाव लिवा, मार्फत नागपूर."

"आमच्या घरून हेच जवळचं मोठं गाव हाय," बायको म्हणाली.

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून काही उपयोग नसतो, हे एव्हाना तालुक्यात सगळ्यांना कळायला हवं होतं. त्यांनी मान हलवत पोस्टाचा ठसा मारला. शाई सुकी होती. गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं उमटली, बाकीची नाही.

"नीट नाई उमटला," बायको म्हणाली. "अजून एक मारा."

"बाई, चालते तेवढं. पोचते."

"पोचन हो. पन वाचता आलं पाह्यजे."

मागं रांग लागली होती. बाबूंनी ठसा शाईच्या गादीवर दोनदा दाबला, उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी जोर देऊन मारला. बायकोनं वाकून वाचलं, आणि मग पार्सलवरचा हात काढला.