पाठमोरा सरदार

मध्ययुगातल्या स्कॉटलंडशी माझा काय संबंध? मी मुलुंडची. तरी एक अख्खा उन्हाळा मी तिथल्या एका गढीत काढला, अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओत बसून. एक परदेशी मालिका मराठीत आणायची होती आणि नायिकेचा आवाज माझा होता. गोष्ट साधीच. राजाच्या हुकमामुळे एका सरदाराला शत्रूच्या मुलीशी लग्न करावं लागतं. त्याला लग्न नको असतं. ती उशीखाली सुरा ठेवून झोपते आणि विचारलं तरी मोजकंच बोलते.

पहिल्या दिवशी सरदाराचा आवाज कोण करतंय ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हा तर मला सांगून आलेला नवरा!

झालं होतं असं की, काही महिन्यांपूर्वी त्याच्या आईनं आणि माझ्या आईनं वधूवर मंडळातून एकमेकींना गाठून आम्हाला घाटकोपरच्या एका हॉटेलात समोरासमोर बसवलं होतं. चाळिशीला टेकलेली दोन माणसं आणि मध्ये डोसे. वेटर वळतो न वळतो तोच हा म्हणाला, "राग मानू नका, पण मला लग्नच करायचं नाहीये. आई जेवेना, म्हणून आलो." मला इतका आनंद झाला की माझा डोसा संपवून मी त्याच्यातलाही तुकडा मोडला. "मलाही नाही करायचं," मी म्हटलं. दोघांनी घरी नकार कळवला आणि सुटलो.

माझा नकार उगाच नव्हता. माझं एक लग्न होऊन मोडलं होतं. त्या घरात मी जे जे मनापासून बोलले, ते पुढच्या भांडणात माझ्यावरच उलटलं. तेव्हापासून मी "बरं", "बघू" आणि "हं" एवढ्यावर भागवायला शिकले. त्या सुरा बाळगणाऱ्या बाईचा आवाज काढायला मला फारशी मेहनत पडली नाही, ती यामुळे.

आमच्या कामात दोघं एकत्र क्वचितच बोलतात. एकजण काचेमागच्या खोलीत एकटा उभा राहून आपली वाक्यं देतो, मग दुसरा येऊन हेडफोनमध्ये ती ऐकत उत्तर देतो. मी सकाळी यायचे, तो माझ्यानंतर. नोकरी सांभाळून नाटकं करणारा माणूस, डबिंगला अगदीच नवा. सरदार "हे लग्न मी राजासाठी करतोय!" असं गरजायचा आणि बाहेर चहा पिताना मी म्हणायचे, "राजासाठी की आईसाठी रे?" तो हसून डबा पुढे करायचा. बोरिवलीहून त्याच्या आईनं दिलेले घावणे आणि कोळंबीचं सुकं. काम संपलं तरी माझा पाय निघेना. मी उगाच वाक्यं तपासत बसायचे.

एकदा डबा झकास होता म्हणून त्याच्या आईला फोन लावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "गो बाय, तुका आवडलो मां? खा. ह्येच्या लग्नाचो नाद सोडलंय मी आता. दमलंय." तो शेजारी ऐकत होता. नेहमीसारखा हसला नाही.

मला तो आवडायला लागला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पण आवडणं वेगळं आणि पुन्हा कुणाच्या हातात आपलं मन देणं वेगळं. त्यानं विचारलं तर काय, या विचारानं मला धडकी भरायची. विचारलंच नाही तर काय, याची त्याहून जास्त.

शेवटच्या भागाला दिग्दर्शकबाईंनी आम्हाला एकत्र बोलावलं. दोन माइक, समोर पडदा. राजा मेलेला असतो. सरदार खिडकीशी उभा राहून बायकोला म्हणतो, "आता हुकूम राहिला नाही. तुला जायचं तर जा." मग तो बराच वेळ नुसताच बाहेर बघत राहतो. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त पाठ. डबिंगवाल्याला अशी पाठ म्हणजे पर्वणी. ओठ दिसत नाहीत, तेव्हा हवं ते वाक्य घालता येतं.

त्यानं वाक्य दिलं, आणि पडद्यावरची पाठ वळेना तेव्हा सरदाराच्याच आवाजात पुढे म्हणाला, "माझ्यावरही आता कुणाचा हट्ट नाही. म्हणून माझ्या मनानं विचारतोय. माझ्याशी लग्न करशील?"

सरदाराचं तर लग्न कधीच झालं होतं. मी हातातल्या कागदावर ते वाक्य शोधलं. तिथे नव्हतं. पडद्यावर नायिकेचा चेहरा आला, डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले.

काचेपलीकडून बाईंचा आवाज आला, "हे कुठलं वाक्य? पण बरं वाटतंय रे. ठेवू या. तू फक्त 'हं' दे गं. मिटल्या तोंडाला तेवढंच बसतं."

पुन्हा चित्र लागलं. पुन्हा ती पाठ, पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी त्याचा आवाज सरदाराचा राहिला नव्हता. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. "हं" माझ्या जिभेवर तयारच होतं, इतक्या वर्षांच्या सवयीचं. ते देऊन मी सुटले असते. त्याचा अर्थ त्यानं हवा तो लावला असता आणि मी कशालाच बांधली गेले नसते.

"हो," मी म्हटलं. "करेन. मला भीती वाटते, खूप वाटते, तरी करेन. आणि भांडलास तर मीही भांडेन, गप्प बसणार नाही."

तो माइक सोडून माझ्याकडे वळला. हसत होता आणि रडतही होता.

"अगं बये!" बाई ओरडल्या. "टेकची वाट लावलीस! तिचं तोंड मिटलेलं आहे ना!"

"तिचं असू दे," मी म्हटलं.