पाच सांगा, मग चहा

साऱ्या मुलुंडात, आणि मला विचाराल तर पार ठाण्यापर्यंत, माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका माणसाचा अंत पाहणारा सज्जन दुसरा झाला नसेल. दारू नाही, पत्ते नाहीत, तपकीरसुद्धा नाही. व्यसन एकच: इंग्रजी क्रियापदांना मागून अप, ऑफ, आउट अशी जी बारकी शेपटं लागतात, ती गोळा करायची आणि दिसेल त्याला ऐकवायची. कुसुमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा अंधेरीहून तिच्याकडे गेलो. चहाचा कप माझ्यासमोर आला आणि तिच्या मामंजींनी तो बशीसकट आपल्याकडे ओढून घेतला. "गेट. पाच सांगा, मग चहा." मला वाटलं थट्टा आहे. गेट अप, गेट इन, गेट आउट इथवर आलो आणि अडकलो. "बी.ए. ना तुम्ही?" असं म्हणून त्यांनी चहावर साय धरेपर्यंत मला उरलेले सगळे सांगितले. घरी येऊन मी वडिलांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "मुलीकडचे आपण. चार शब्द ऐकून घ्यायचे असतात." चारच असते तर माझी काही हरकत नव्हती.

भांडुपच्या एका कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, छत्री आणतात. यांनी पार्सलांना बांधायची, दोरा लावलेली जुनी लेबलं पिशवीभर आणली आणि घरभर बांधली. नळाला टर्न ऑन, स्टोव्हला पुट आउट, दाराच्या कडीला ड्रॉप इन. माझे मेहुणे एकदा सदऱ्याच्या मागे 'पुट ऑन' लोंबकळत ऑफिसला जाऊन आले, आणि दिवसभर कोणी त्यांना सांगितलं नाही. कुसुमच्या सासूबाईंनी देव्हारा तेवढा वाचवला होता. "निरांजनाला गो आउटची चिठ्ठी बांधायला निघाले होते," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, आधी मला बांधा एक, आणि पाठवून द्या माहेरी."

घराबाहेर तर त्यांना आवरणं अशक्य. एकदा बोरिवलीला लग्नाला जाताना बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते मला समजावत राहिले, की टॅक्सीला गेट इन आणि बसला गेट ऑन, हे कोणी ठरवलं आणि का ठरवलं. मागे सात-आठ माणसं खोळंबली. कंडक्टर ओरडला, "ओ काका, चढता की उतरता? पब्लिकची वाट लागली ना इकडे!" मामंजी शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगा, बसला ऑनच का?" मी मान खाली घालून पुढच्या सीटवर जाऊन बसलो आणि आपण त्या गृहस्थांचे कोणी नाही असा चेहरा केला.

पण माझा खरा संताप कुसुमपायी होता. पोरगी मराठी शाळेतली मॅट्रिक, सून म्हणून घरात आली आणि पहिल्या महिन्यापासून हिची शिकवणी सुरू. पोळ्या लाटताना 'टेक' चालायचं, कपडे वाळत घालताना 'ब्रेक'. एका रविवारी माझ्यादेखत आरेच्या दोन बाटल्या दूध स्टोव्हवर उतू गेलं. मामंजी शेजारीच उभे होते. स्टोव्ह बंद करायचं सोडून ते टाळ्या वाजवत ओरडले, "बघ कुसुम, हेच बॉइल ओव्हर!" ती फडकं घेऊन ओटा पुसू लागली आणि माझा तोल गेला. वडिलांचा उपदेश बाजूला ठेवून मी म्हणालो, "काका, माझी बहीण या घरात संसार करायला आलीय. परीक्षेला बसायला नाही."

ओटा पुसता पुसता कुसुमच म्हणाली, "दादा, तू गप रे. मी बसतेय परीक्षेला." कांजूरमार्गच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची जागा होती आणि पुढच्या आठवड्यात तिची मुलाखत होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मामंजी माझ्याशेजारी येऊन बसले. "मोठे शब्द डिक्शनरीत सापडतात हो," ते म्हणाले. "साहेब बोलतात ते हे बारके. तीस वर्षं मी यस सर म्हणालो. निम्म्या वेळा काय सांगितलं ते कळलेलं नसायचं. मान डोलवायची आणि बाहेर येऊन कोणाला तरी विचारायचं. हिने नको तसं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाखतीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून मुलुंडला जाऊन बसलो. कुसुम दुपारी परत आली, नोकरी मिळवूनच. सासूबाई साखर आणायला उठल्या. मामंजींना मात्र सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. "भराभर बोलत होता साहेब," ती म्हणाली. "एक वाक्य मला काही कळलं नाही. मग मी म्हटलं, सर, मला समजलं नाही, परत सांगा."

"मग? सांगितलं त्याने?"

"सांगितलं."

"रागावला नाही?"

"नाही. कशाला रागवेल?"

मामंजींनी हातातली रिकामी बशी खाली ठेवली. "इतकं सोपं होतं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला एकही क्रियापद विचारलं नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी सुनेचा डबा हातात घेऊन ते बसस्टॉपपर्यंत गेले. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं पूर्ववत झालं, माझा कप बशीसकट पलीकडे आणि मी सांगतोय ब्रिंग अप, ब्रिंग डाउन. असं ते आणखी पाच-सहा वर्षं चाललं. मग मामंजी गेले. कुसुमने लेबलं उतरवली, नळाचं तेवढं राहू दिलं, त्यावरची अक्षरं आता पाण्याने पुसट झाली आहेत. अजून मी तिच्याकडे जातो. चहा लगेच येतो, गरम असतो, कोणी काही विचारत नाही. मला त्याची अजून सवय झालेली नाही. कप उचलण्याआधी मी आपला मनातल्या मनात पाच म्हणून घेतो.