सावली पाच पावलं

कराडच्या त्या हायस्कुलात हेडमास्तर बदलले, मास्तर बदलले, पण घंटा नाथाजीचीच राहिली. नाथाजी मूळचा उंब्रजचा. पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला आणि तिथून परत आल्यावर शाळेत शिपाई म्हणून चिकटलेला. बावीस वर्षांत आपली घंटा एकदाही मागंपुढं झाली नाही, असं तो सांगायचा. विचारलं तर सांगायचाच, पण न विचारताही सांगायचा. रंगूबाई, त्याची बायको, कंटाळून म्हणायची, ती घंटा ठेवा पेटीत घालून आणि जेवायला बसा आधी. त्याला राग यायचा नाही. बायकामाणसाला घंटेतलं काय कळतंय, असं त्याचं मत होतं.

त्यात मॅट्रिकची परीक्षा आली की बघायलाच नको. आठ दिवस आधीपासून नाथाजीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. बाकांवर खडूनं नंबर घालायचे, दौती धुऊन शाई भरायची, व्हरांड्यात पाण्याचे माठ मांडायचे. पेपरांची लाखेनं बंद केलेली पाकिटं मामलेदार कचेरीच्या खजिन्यातून पोलिसाच्या पहाऱ्यात यायची, तेव्हा पेटी उचलून पुढं चालणारा नाथाजीच. अकराला पहिली घंटा आणि पेपर सुरू. साडेअकराला दुसरी घंटा आणि फाटक बंद. मग कलेक्टरचा पोरगा जरी आला तरी आत येणार नाही, हे तो दरवर्षी फाटकापाशी उभा राहून चार माणसांना ऐकवायचा.

लांबलांबच्या गावांतून आलेली माणसं आदल्या दिवशी त्याला वेळ विचारायला यायची. त्यांच्याकडं कुठलं आलंय घड्याळ? त्यांना नाथाजी सावलीच्या मापानं वेळ सांगायचा. उन्हात सरळ उभं राहायचं आणि आपली सावली आपल्याच पावलांनी मोजायची. मार्चात ती पाच पावलं भरली की अकराला अजून पंचवीसेक मिनिटं असतात, त्या वेळी फाटकात हजर व्हायचं. हा हिशेब त्यानं नोकरीच्या पहिल्याच वर्षी घड्याळ बघून बसवला होता, आणि तो इतकी वर्षं बिनचूक चालत आला होता.

१९४३ साली तो चुकला. झालं होतं असं की, लढाईपायी सरकारनं गेल्या सप्टेंबरात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं सारली होती. नाथाजीनंच स्टुलावर चढून शाळेच्या घड्याळाचा काटा फिरवला होता, आणि सहा महिने तो नव्या टायमानं घंटा देत होता. पण सावली मोजायची वेळ वर्षातून एकदा, परीक्षेच्या टायमालाच यायची. काटा पुढं गेला म्हणजे पावलंही बदलली, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. सरकारनं घड्याळ ढकललं होतं, सूर्याला थोडंच ढकललं होतं!

परीक्षेच्या आदल्या दुपारी वडूजकडचे दोघे बापलेक फाटकाशी आले. म्हातारा अर्जुना मेंढरंवाला, आणि त्याचा मुलगा बिराप्पा एका वाडीवरच्या शाळेत एकटा मास्तर. बिराप्पा खिडकीतून आपला नंबर शोधत होता, तेवढ्यात अर्जुनानं नाथाजीला सगळी हकिकत सांगून टाकली. पोरगं चार वर्षं आपलं आपण इंग्रजी शिकतंय. बाहेरून परीक्षेला बसायची परवानगी दोनदा नाकारली, ती औंदा मिळाली. पास झालं तर मामलेदार कचेरीत कारकुनाची जागा मिळायची आशा आहे, पण तिथली वयाची अट पुढच्या साली उलटणार. म्हणजे जे काय व्हायचं ते औंदाच. मेंढरं मलकापूरच्या पलीकडं एका रानात बसवलीत, पोरगं तिथंच पालावर झोपणार, तर सकाळी दिवस कुठं आला की यायचं?

"सावली पाच पावलं राहिली की फाटकात," नाथाजी म्हणाला.

बिराप्पा खिडकीपासून वळला. जरा घुटमळला आणि बिचकतच म्हणाला, "मामा, नव्या टायमानं पाच का?"

नाथाजीच्या ते वर्मी लागलं. कालचा हा वाडीवरचा मास्तर, आणि ह्यानं आपल्याला वेळ शिकवावी? "मास्तर," तो म्हणाला, "बावीस वरसं हितं घंटा मी देतोय. तुमी देताय, का मी?"

अर्जुनानंच मुलाला दटावलं, मोठ्या माणसाला असं उलट विचारू नये म्हणाला. बिराप्पा ओशाळला आणि दोघे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. अकराला नाथाजीनं घंटा दिली. पोरं खाली माना घालून लिहायला लागली. तिसऱ्या खोलीत खिडकीजवळचं एक बाक रिकामं होतं, ते त्यानं बघितलं आणि सोडून दिलं. दरसाल एखादा तापानं पडतोच. साडेअकराला दुसरी घंटा झाली. त्यानं फाटक लोटलं आणि कडी घातली.

पाच मिनिटंही झाली नसतील, तोच रस्त्यानं बिराप्पा येताना दिसला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात टाक आणि टीपकागद. चालीत घाई नाही की धाप नाही. वाटेत एका जागी थांबून, सावली मोजून, वेळ होईपर्यंत टेकून मग आलेला. फाटक बंद बघून तो हसला.

"लय लवकर आलो का, मामा?"

 नाथाजीनं फाटकाच्या आतच उभं राहून, आपल्याच पायांकडं बघत, एक एक पाऊल टाकत आपली सावली मोजली. पाच. मग त्याला सगळं उमगलं.

बोलणं ऐकून हेडमास्तर व्हरांड्यात आले. ते केंद्राचे प्रमुख होते. बोलायला तिखट, पण अन्यायानं कुणाचं वाईट करणारे नव्हेत. पाठोपाठ दोन सुपरवायझर आले आणि पहाऱ्याचा पोलीसही येऊन उभा राहिला. हेडमास्तरांनी विचारलं, उशीर का झाला? बिराप्पाला उशीर झालाय हेच तेव्हा कळलं. त्याचा चेहरा पार उतरला. सावली मोजून आलो, एवढंच तो कसंबसं म्हणाला, आणि नाथाजीकडं बघत राहिला.

हेडमास्तर नाथाजीकडं वळले. "नाथाजी, पावलं तू सांगितलीस का यांना? अजून एकही मुलगा पेपर घेऊन बाहेर पडलेला नाही. चूक आपल्या माणसाची असेल, तर युनिव्हर्सिटीला तसं लिहून मी माझ्या जबाबदारीवर यांना आत घेतो. चूक यांचीच असेल, तर मात्र माझे हात बांधलेले आहेत."

एक 'व्हय' म्हणायचं होतं. बास! नोकरी जाण्याची भीती नव्हती, ते त्यालाही माहीत होतं. हेडमास्तर चार शब्द बोलले असते आणि विसरले असते. पण समोर ते दोन सुपरवायझर होते, तो पोलीस होता. ह्या सगळ्यांना त्यानं आपल्या घंटेच्या बढाया ऐकवलेल्या होत्या. उद्या गावभर हसं होईल, नाथाजीला टाईम कळत नाही म्हणतील. एवढ्यासाठी, निव्वळ एवढ्यासाठी, त्या माणसानं मान हलवली.

"न्हाई साहेब. मी ह्यास्नी काय सांगितलं न्हाई."

बिराप्पा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. फाटकाचे गज धरून तो हेडमास्तरांना म्हणाला, "माझंच चुकलं साहेब. मास्तर हाय मी. मला कळाय पायजे हुतं." हेडमास्तरांनी हळहळून मान हलवली आणि ते आत गेले. त्या परीक्षेत एक पेपर बुडाला म्हणजे सगळी परीक्षाच बुडाली. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पेपर संपेपर्यंत बिराप्पा फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून होता. पोरं पेपर घेऊन बाहेर पडल्यावर नाथाजीनं त्याला तांब्या नेऊन दिला, तर तो मुकाट पाणी प्यायला. ते बघून नाथाजीच्या काळजाला घरं पडली. तो खाली बसला आणि म्हणाला, मास्तर, मी आता जातो आणि साहेबास्नी खरं ते सांगतो.

"आता पेपर समद्यांच्या हातात गेला," बिराप्पा म्हणाला. "आता सांगून काय हुतंय? एक करा. आबाला कळू दिऊ नका. चार वरसं माझ्या वाटणीची मेंढरं त्योच राखतोय. निकालापातूर तरी त्याला सुखानं ऱ्हाऊ द्या."

नाथाजीनं त्याचा हात धरला आणि तसा शब्द दिला. आणखी तो करणार तरी काय होता?

मग रोज बिराप्पा सगळ्यांच्या आधी फाटकात यायचा. नाथाजीनं कडी काढायची, त्यानं रामराम म्हणायचं आणि आत जाऊन नापास ठरलेल्या परीक्षेचा पेपर तीन तास लिहायचा. नाथाजी खिडकीवरून जाताना बघायचा, तर हा मान खाली घालून भराभरा लिहितोय. गणिताच्या दिवशी एक सुपरवायझर म्हणाले, ह्या मास्तरचं डोकं फार चांगलं, पहिल्या दिवशी बुडाला नसता तर निघाला असता. नाथाजी ते ऐकून माठ भरायच्या निमित्तानं तिथून निघून गेला. त्या आठवड्यात त्याला भाकरी गोड लागली नाही. रंगूबाईनं दोनदा विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

शेवटच्या पेपराला अर्जुना मुलाबरोबर आला आणि दिवसभर कडुनिंबाखाली बसला. पोरं बाहेर पडली, बिराप्पाही आला. म्हातारा उठून नाथाजीसमोर उभा राहिला. काखेतलं नवंकोरं काळं घोंगडं त्यानं उलगडलं आणि नाथाजीच्या खांद्यावर टाकलं. आपल्याच मेंढरांची लोकर, घरच्या बायकांनी कातलेली, म्हणाला. नाथाजी मागं सरकला. हे कशापायी, नको, असं काहीबाही बोलायला लागला. अर्जुनाच्या मागं बिराप्पा उभा होता. तो नाथाजीच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती.

"आवं, नको काय?" अर्जुना म्हणाला. "तुमी येळ सांगितली म्हून प्वार येळेवर पोचलं. पयल्या दिवशी आला नव्हं येळेवर?"

नाथाजीनं घोंगड्याची दोन्ही टोकं गच्च धरली.

"व्हय," तो म्हणाला. "घंटेच्या आदी आला हुता."

म्हातारा खाली वाकला आणि नाथाजीच्या पाया पडला.