सम्राटाच्या भाचीची नऊवारी

"आई, रोमन आहे ती, रोमन! नथ काढ आधी तिची!"

बायको जिन्यावरून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या चार छपरांवरचा बर्फ घसरला. चार नसतील, पण एका छपराचं मी शपथेवर सांगतो. खाली आमची नऊ वर्षांची लेक जांभळी नऊवारी, ठुशी, बोरमाळ आणि नथ घालून खांबासारखी उभी होती. नथ म्हणजे अशी, की एखाद्या पोपटानं तिच्यात बसून झोका घ्यावा.

"काहून काढू?" सासूबाई शांतपणे पदराला पिन लावत म्हणाल्या. त्या नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. "राजाची भाची आहे म्हणता ना? मंग?"

त्याचं असं झालं. कॉन्व्हेंट म्हणजे चांगली शाळा, या आमच्या जुन्या श्रद्धेपोटी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्या आल्या आम्ही लेकीला चर्चच्या शाळेत घातलं. तिथे नोव्हेंबरात प्रत्येक मुलानं एकेका संताचा वेश करून हॉलमध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं. पुढ्यातलं लाल कागदी बटण कुणी दाबलं, की आपली गोष्ट सांगायची. लेकीच्या वाट्याला आली होती रोमन सम्राटाची भाची. राजवाडा सोडून तिनं येशूला धरलं, म्हणून तिला दूर बेटावर हद्दपार केलं. बायकोनं त्यासाठी पांढरी चादर इस्त्री करून ठेवली होती. सकाळी ती सासूबाईंच्या नजरेस पडली.

"माझ्या नातीला पांढरं? मी जिवंत असताना?"

ती चादर आजतागायत सापडलेली नाही.

पण खरी धाकधूक कपड्यांची नव्हतीच. कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा सोडून इथे आल्यापासून तीन महिने लेक वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. घरी ती माझीच मुलगी, फ्रिजशीसुद्धा तासभर वाद घालते. शाळेत मात्र टीचरनं काही विचारलं की नुसती मान. आज तरी बोलेल का, हा प्रश्न आम्ही नवराबायको एकमेकांना विचारायचं टाळत होतो.

हॉलमध्ये चादरी गुंडाळलेले हजारभर संत होते. बरं, चाळीस. त्यांच्यात आमची लेक म्हणजे थेट लग्नघर. कुणाच्या तरी आजोबांनी हसून तिचं बटण दाबलं. ती जमिनीकडे बघत राहिली. मग एका बाईंनी दाबलं. तरी शांतता. तिची गोष्ट मीच सांगून टाकावी म्हणून पुढे निघालो, तर बायकोनं बाही धरली.

तेवढ्यात सासूबाई पुढे गेल्या आणि दारावरची बेल वाजवावी तसं त्यांनी बटण दाबलं.

"काय गं बाई, कुणाची तू?"

लेकीनं वर पाहिलं. "राजाची. म्हणजे, मामा राजा आहे."

"मंग इथं काहून उभी?"

"मामा म्हणाला, माझ्याच देवांना नमस्कार कर. मी नाही म्हटलं. मग मला बोटीत घातलं. आयलंडवर पाठवलं."

"एकटीला?"

"हो. तिथं मला कुणीच ओळखत नव्हतं."

सासूबाईंनी तिची बोरमाळ बोटानं उचलली. "अन् एवढं सोनं घालून गेलीस?"

हे आमच्या पाठांतरात नव्हतं. लेकीनं क्षणभर विचार केला. मग नथ काढली, बोरमाळ काढली, ठुशीची गाठ सुटेना तर ती डोक्यावरून ओढली, आणि सगळं आजीच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुम्ही घ्या. मला नको."

भोवती गर्दी जमली होती. कुणाला एक शब्द कळला नव्हता, तरी कुणी हलत नव्हतं. तिच्या वर्गातली एक मुलगी पुढे आली आणि तिनं बटण दाबलं. मग लेकीनं अख्खी गोष्ट पहिल्यापासून इंग्लिशमध्ये सांगितली. आवाज शिकागोपर्यंत गेला असावा. निदान पार्किंगपर्यंत तरी नक्कीच. सासूबाई मुठीत सोनं धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांचं विचारू नका.

परत येताना गाडीत सासूबाईंनी सगळं सोनं रुमालात बांधलं. शेवटी मला राहवेना.

"मग, उद्या वर्गात बोलशील ना?"

"उद्या शनिवार आहे," ती म्हणाली.