‘पहिलीची वाट’ लिहिणारा

बाकावर बसताना तो नेहमी एका कडेला बसायचा आणि शेजारची जागा हाताने झटकून मोकळी ठेवायचा. छापखान्यात गर्दी असली आणि कुणी तिथे टेकायला लागलं, की तो घाईने म्हणायचा, "तिथं नको, माझ्या जागेवर बसा." आणि स्वतः उठून उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, माणूस फार सभ्य आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या सभ्यपणाचं कारण आपण विचारत नाही, आणि विचारतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या एका लहान छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. मालक गुजराती. कामं सगळी लग्नपत्रिकांची आणि बिलबुकांची. आमच्या खानदेशी लोकांच्या पत्रिकांसाठी शेठने देवनागरीची एकच पेटी ठेवली होती. जवळच्या बमरोलीत कापडाचे लूम चालवणारा हा माणूस एक दिवस जाड वही घेऊन आला आणि ओरडून म्हणाला, "भाऊ, मला कादंबरी छापायचीय. पण जमेल तशी. थोडी थोडी."

ओरडून, कारण दहा-बारा वर्षं लूमच्या खडखडाटात राहून त्याचे कान गेले होते. आपण हळू बोलतो आहोत असंच त्याला वाटे.

त्याची ऐपत आणि आमची खिळ्यांची पेटी, दोन्ही बेताच्या. मग ठरलं, बत्तीस पानांचा एकेक भाग काढायचा. कागद पत्रिकांच्या कापणीतून उरलेला, त्यामुळे एक पान पांढरं तर दुसरं फिकट गुलाबी. मुखपृष्ठाला त्यानेच युक्ती काढली. साड्यांच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं असतात ना, हसऱ्या बाईचं चित्र असलेली? रंग चुकलेल्या लेबलांचा एक गठ्ठा तो रद्दीतून घेऊन आला. छपाई सरकल्यामुळे प्रत्येक लेबलावर एका बाईच्या दोन झाल्या होत्या. पिवळी बाई पुढे, आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारी निळी.

"हीच ती," निळीवर बोट ठेवून तो म्हणाला.

कादंबरीचं नाव ‘पहिलीची वाट’. उधन्याच्या स्टेशनवर नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळी तो स्वतः विकायचा. एका गृहस्थाने मुलासाठी पहिलीचं पुस्तक समजून घेतलं आणि आठवड्याने परत येऊन भांडण केलं. पण पुस्तक परत दिलं नाही, कारण घरात बायको ते वाचत होती. हा किस्सा सांगताना तो लहान मुलासारखा हसायचा. "वाचणारा घाबरला पाहिजे, भाऊ," तो नेहमी म्हणे, "पण पुस्तक खाली ठेवता कामा नये!"

वहीतलं अक्षर लागलं नाही की मी त्याला वाचून दाखवायला सांगायचो. एकदा लग्नाची बोलणी केलेली दोन कुटुंबं पत्रिकेचे नमुने पाहत बसली होती आणि हा सगळ्या ताकदीनिशी ओरडला, "तुझ्या थंडगार हातांची मला सवय झाली आहे!" मुलीची आई दचकून उभी राहिली. शेठने हात जोडले, "भाई, धीमे बोलो ने! लगनवाळा बेठा छे."

गोष्ट अशी होती. गावाकडे मेलेली एक बायको नवऱ्याला शोधत सुरतेला येते. जिवंतपणी तिने सुरत पाहिलेली नसते. मला घेऊन चला, एवढंच ती म्हणत राहिलेली असते. पहिल्या भागात ती भर दुपारी गाडीतून उतरते. दुसऱ्या भागात पत्ता विचारत गल्ल्या हिंडते आणि जिला विचारते त्या बाईला ताप भरतो. तिसऱ्या भागात तिला दार सापडतं. नवरा ते उघडतो. तो घाबरत नाही. तो म्हणतो, "किती उशीर केलास."

हे वाक्य जुळवताना माझ्या बोटांना गारवा जाणवला. मी त्याला विचारलं, "हे कुठून सुचतं तुम्हाला?"

त्याच्या मानाने हळू आवाजात तो म्हणाला, "तारेत बायको आजारी, एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं, कामाची पाळी संपवून निघू. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं." आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून त्याने मान हलवली, जणू कुणी दुजोरा दिला होता.

तिसऱ्या भागाच्या शेवटी एक नवं पात्र आलं होतं. दुसरी बायको. तिला नाव नव्हतं. ती भाकरी भाजते, पाणी भरते आणि तिला काही दिसत नाही.

"ही कोण?" मी विचारलं.

"गोष्टीला लागते," तो म्हणाला.

चौथ्या भागाची वही देऊन तो गेला, त्याला चार दिवस झाले असतील. दुपारी शेठ जेवायला गेला होता. दारात एक बाई उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची, सातवा महिना असावा. पदराखालून तिने तिसरा भाग काढून माझ्यासमोर ठेवला.

"भाऊ, पुढे काय व्हस?" तिने विचारलं.

मला वाटलं, वाचक असेल. मी म्हणालो, "छापून झालं की कळेल, वहिनी."

"माले वाचता येत नही. शेजारनी पोर वाची दखाडस." तिने पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हात ठेवला. "ही भाकरी भाजनारी, ती मी शे. पहिली माले मारी टाकस का?"

वही माझ्या पेटीवरच होती आणि मी ती आदल्या दिवशी वाचून काढली होती. त्यात पहिली दुसरीच्या उशाशी येऊन बसते, तिच्या पोटावर हात ठेवते आणि नवऱ्याला म्हणते, एवढं बाहेर आलं की घर माझं. नवरा ऐकतो आणि काही बोलत नाही. बाळंत होताना दुसरीचे डोळे मिटतात. तिथे भाग संपत होता.

मी वही उघडली. तिच्या तोंडाकडे न बघता, पानावर बोट फिरवत, मनाने रचून वाचू लागलो. पहिलीने उंबऱ्यातून दुसरीचं पोट पाहिलं. तिचा राग गेला. ती म्हणाली, हे घर आता भरलं आहे. मग ती मागे फिरली आणि चलथाणच्या बाजूला, दोन्हीकडे ऊस असलेल्या वाटेने गावाकडे निघून गेली. चलथाण का? आमच्या दारावरून तिकडच्या साखर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्या जात, म्हणून. दुसरं काही सुचलं नाही.

"असंच लिखेल शे?"

"असंच."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने माठातलं पाणी मागितलं आणि दोन पेले प्यायली.

तिला सांगितलं ते आता खरं करणं भाग होतं. मी वहीची शेवटची दोन पानं सोडली आणि माझ्या आठ ओळी जुळवल्या. मजकूर कमी पडला, तिथे वेलबुट्टीचा ठोकळा लावला. प्रूफ तो कधी बघत नसे. माझ्यावर विश्वास होता.

गठ्ठा न्यायला आला तेव्हा त्याने बाकावर बसूनच शेवटचं पान उघडलं. मी छपाईचं ट्रेडल मशीन थांबवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

त्याला ऐकू गेलं नाही. मग मला ओरडावं लागलं. शेठसमोर, गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "तुमची बायको आली होती! ती घाबरलीय! तिला वाटतंय ती मरणार!"

"तिला वाचता येत नाही."

"गल्लीला येतं ना!"

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "मी तिला कधी वाईट बोललो नाही, भाऊ."

"बोललात तरी का काही?"

त्याने पुस्तक पुन्हा उघडलं, माझ्या आठ ओळींवरून बोट फिरवलं आणि एकदम लहान होऊन विचारलं, "ती खरंच गेली?"

मी मान डोलावली.

"मला न सांगता?"

चौथा भाग त्याने विकला. पाचवा लिहिला नाही. मुलगी झाली, आई सुखरूप राहिली. एकदा बाजारात तिघं दिसले. तो मुलीला घेऊन चालत होता, बायकोशी बोलतही होता. पण तो निम्मा झाला होता. गालफडं बसली होती. स्टेशनवर लोक पुढचा भाग मागत, तेव्हा तो म्हणे, "ती परत गेली." पुढे तो छापखान्यात आलाच नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं की भलं झालं.

मुलगी सहा-सात महिन्यांची असताना, लूम बंद असतात त्या दिवशी, भर दुपारी तो पायात चप्पल घालून घराबाहेर पडला. रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको छापखान्यात आली. मूल कडेवर. रडत नव्हती.

"त्यासनी माले सांगेल शे. तो शेवट तुम्ही लिखेल शे," ती म्हणाली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने विचारलं, "ती ज्या वाटनं गई, ती उसनी वाट कोठे शे?"

शेठला काही न सांगता मी सदरा चढवला.

चलथाणला आम्ही रिक्षातून उतरलो आणि चालत निघालो. तशी एक वाट नव्हती, दहा होत्या, आणि सगळ्यांना दोन्ही बाजूंनी ऊस. मी आपला एक धरली. तोडणी चालू होती. तोडणारी माणसं आपल्याच खानदेशातली होती. आम्ही विचारलं की कोयता थांबवून ती आमच्याकडे बघत आणि नकारार्थी मान हलवत. ऊन चढत गेलं. मी मनात सारखं म्हणत होतो, त्याला कुणी पाहिलेलं नसू दे, म्हणजे ही वाट खोटी ठरेल.

एका बांधावर मोळ्या बांधणारा म्हातारा होता. ती त्याला नवऱ्याचं वर्णन सांगू लागली. ते पुरं व्हायच्या आतच तो म्हणाला, "गया ना. काल दुपारले." त्याने कोयत्याने पुढे दाखवलं, जिथे ऊस अजून उभा होता.

"एकला व्हता?" तिने विचारलं.

"नही. एक बाई व्हती संगे."

तिने त्या उभ्या उसाकडे एकदा नीट पाहिलं. मग मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि मागे वळली.

"चला भाऊ," ती म्हणाली. "पोरले ऊन लागी ऱ्हायनं."