सुभेदारांचा व्हॉल्व

सुभेदार गाणं तळहातानं ऐकत. रोज दिवेलागणीला दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्ववर चालणाऱ्या जुन्या अँप्लिफायरवर रेकॉर्ड लावायची, स्पीकरच्या लाकडी पेटीवर हात ठेवायचा आणि डोळे मिटून मान डोलवायची. "कान फौजंत ठिवून आलोय," असं ते हसत सांगायचे. तोफांनी त्यांचे कान नेले होते. साताऱ्यातल्या त्यांच्या घरी बोलायचं म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकवायचं.

वडील गेल्यावर माझी त्यांच्याशी ओळख झाली. तासगावला आमच्या घरी वडिलांचा असाच अँप्लिफायर होता. ते गेले आणि पाठोपाठ त्यातला रेक्टिफायर व्हॉल्वही गेला. घर मुकं झालं. आई तक्रार करणारी नव्हेच, पण संध्याकाळी त्या बंद खोक्यासमोर नुसती बसून राहायची. ते मला बघवेना. असले जुने अँप्लिफायर सुभेदार दुरुस्त करतात असं कळलं, तेव्हा खोकं मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला त्यांच्याकडे गेलो.

सुभेदार मूळचे माणदेशातले, मेंढपाळाच्या घरचे. रेक्टिफायरचं काम त्यांनी तसंच समजावलं. "भिंतीतली वीज म्हंजी बुजल्याली मेंढरं. घटकंत हिकडं, घटकंत तिकडं. ह्यो गडी दाराशी हुबा ऱ्हातो आन् सगळ्यास्नी एकाच अंगाला सोडतो."

मग मी दारोदार व्हॉल्व शोधत सुटलो. पहिला आणला तो जागेवर नेमका बसला. मी खूश! सुभेदारांनी तो उपसून माझ्या हातात ठेवला. "पाय बसलं म्हंजी जमलं असं न्हाई रं गड्या. ह्याला करंट लय लागतो. तुज्या बाचा ट्रान्सफॉर्मर म्हातारा हाय, जळंल. तसला आता तार गुंडाळून कोण करून देणार?"

दुसरा आणला तो कमी करंटचा, पण चटकन तापणारा. बाकीचे व्हॉल्व गार असतानाच तो त्यांच्यावर सगळा दाब टाकणार, म्हणून तोही परत. "आधी उजेड, मग आवाज," हा त्यांचा नियम. मला वैताग आला. "आवं सुभेदार, आई रोज त्या खोक्यासमोर बसतीय!" मी ओरडलो.

हे मात्र त्यांना एका हाकेत ऐकू गेलं. ते उठले, स्वतःच्या अँप्लिफायरमधला व्हॉल्व काढला, रुमालानं पुसला आणि आमच्या खोक्यात बसवला.

"आन् तुमचं काय?"

"मला तसं बी काय ऐकू येतंय?"

तळहातानं गाणं ऐकणाऱ्या माणसानं हे मलाच सांगावं! त्यांनी आपला स्पीकर जोडला, बटण दाबलं. काचेत तांबूस उजेड पडला, मग हळूहळू गाणं भरत आलं. ट्रान्सफॉर्मर किती तापतोय ते त्यांनी हातानं पाहिलं. नंतर तोच हात स्पीकरच्या पेटीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही.

त्यांच्यासाठी तसलाच व्हॉल्व मिळवायचा, असा मी चंगच बांधला होता. मिळालाही. तो घेऊन गेलो तेव्हा दारात सूनबाई होत्या. सुभेदार गेल्याचं त्यांनीच सांगितलं. "आबा सांजंला बंद पेटीवर बी हात ठिवून बसायचे," त्या म्हणाल्या. "मान तशीच डोलवायचे."

आता आमच्याकडे आई दिवा लावते आणि मग बटण दाबते. उजेड पडतो. आवाज यायच्या आधीच मी पेटीवर तळहात ठेवतो. आईही येते आणि माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवते.