हिरव्या मिशा

घरात तिला सगळे आत्याच म्हणत. भाचरं म्हणत ते ठीक, पण वहिनी म्हणे, शेजारी म्हणत, आणि तिच्याहून बराच मोठा असलेला तिचा सख्खा भाऊ, दादा, तोही म्हणे. नवरा गेल्यावर ती दादाच्या मागच्या खोलीत राहायला आली. दिवसभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची, संध्याकाळी येऊन घरची भांडी घासायची. त्या घरात तिचं असं एकच होतं, एक तांबडा कुत्रा. कुठून तरी आला आणि तिच्या दारात बसून राहिला. दादा म्हणाला, "एक पाहुणी होतीच, आता पाहुणाही आला." सगळे हसले आणि कुत्र्याचं नाव पाहुणाच पडलं.

पाहुणा रात्री दादाच्या गाडीखाली झोपायचा. इंजिन बराच वेळ ऊब धरून राहायचं. गाडी जुनीपुराणी, पण दादाचा तिच्यात जीव. घरातल्या माणसांशी तो जितकं बोलायचा नाही तितकं गाडीशी बोलायचा.

त्या गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. रेडिएटर भरावा, चार दिवसांनी बघावं तर पाण्याची डबी रिकामी आणि उष्णतेचा काटा तांबड्यात. दादाने गॅरेजमधल्या मिस्त्रीला घरी बोलावलं. मिस्त्रीने पाण्याच्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या, झाकण बदललं, पंपाने हवा भरून दाब धरतोय का ते पाहिलं. दाबाचा काटा अगदी सावकाश उतरत होता, पण ओल कुठेच दिसेना. गाडीतले पायाखालचे गालिचे कोरडे, ऑइलमध्ये पाणी नाही, धूर पांढरा नाही.

"खाली थेंब पडतो का?" मिस्त्रीने विचारलं.

"रोज सकाळी वाकून बघतो," दादा म्हणाला. "फरशी कोरडी ठणठणीत."

"मग पाणी आतच जातंय. हेड गॅसकेट गेलंय, इंजिनातलं सील."

इंजिन उघडलं. गॅसकेट चांगलं निघालं. नवीन घालून इंजिन परत जोडलं, आणि दादाचा पारा जो चढला तो घरातल्या प्रत्येकावर उतरला. वहिनीच्या आमटीवर, मुलांच्या मार्कांवर, आणि आत्यावर तर कारण नसताना. "फुकटचं बसून खायला मिळतंय ना, मग गाडी बंद पडली काय आणि चालली काय!" आत्या दर महिन्याला पगार वहिनीच्या हातावर ठेवत होती. पण बोलून कधी काही झालं नव्हतं.

या वेळी मिस्त्रीने साधं पाणी न भरता इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं. जाताना दादाला बाजूला घेऊन तो काही तरी सांगत होता. आत्या तेव्हा धुणं वाळत घालत होती, तिला ऐकू आलं नाही.

दोन सकाळी गेल्या आणि पाहुण्याच्या तोंडाशी तिला हिरवट ओल दिसली. तिने पदराने पुसली. तोंडाला गोडसर वास येत होता. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दादाच्या उपयोगी पडायची संधी तिला आयुष्यात क्वचितच मिळाली होती. ती जवळजवळ धावतच पुढच्या खोलीत गेली.

"दादा, पाहुण्याच्या मिशा हिरव्या दिसतायत. गाडीखालचं तोच चाटत असेल. म्हणून तुला फरशी कोरडी दिसते!"

दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आत्या, तुला डोकं आहे की गं!"

ते वाक्य ती दिवसभर दुकानात मनात घोळवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा स्टूल घेऊन अंगणात बसला. पाहुणा गाडीखाली उठला, आळस दिला आणि पुढच्या डाव्या चाकामागे जीभ लावून चाटू लागला. चाटून झालं तशी फरशी लख्ख. दादाने मांडीवर थाप मारली. "वॉटर पंप! गार झाल्यावर गळतो हरामखोर!" त्याने कुत्र्याला हटकलं नाही. दुपारी पाहुणा अंगणात झिंगल्यासारखा चालत होता, भिंतीला धडकत होता. "पिऊन आलाय," दादा म्हणाला, आणि पोरं पोट धरून हसली.

त्यानंतरच्या सकाळी मिस्त्री आला. आत्याने पाहुण्याला बांधून ठेवलं होतं. त्याने रात्रभर ओकाऱ्या काढल्या होत्या.

"सोड त्याला," दादा म्हणाला. "मिस्त्रीला दाखवू दे."

"त्याला बरं नाही रे."

"सोड म्हणतो ना!"

तिने दोरी सोडली. पाहुणा लडखडत गाडीखाली गेला. जीभ बाहेर काढली आणि मिस्त्री ओरडलाच, "अहो, काय करताय? विष आहे ते! मी सांगितलं होतं ना तुम्हाला, गोड लागतं, जनावर तोंड घालतं, लक्ष ठेवा म्हणून?"

आत्याने दादाकडे पाहिलं. दादा पंपाकडे बघत होता. "तेवढ्याशाने काय होतंय," तो म्हणाला. "ते बघा, तिथूनच येतंय की नाही?"

डॉक्टरकडे न्यायला तिने गाडी मागितली. पंप खोलायचा होता, आणि नसता खोलायचा तरी सीट घाण झाल्या असत्या. तिने पाहुण्याला चादरीत गुंडाळलं आणि खांद्यावर घेऊन निघाली. तो जड होता. जनावरांच्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, रक्त तपासलं. "मूत्रपिंडं गेली. पहिल्याच दिवशी आणायचं होतं, बाई." त्याने शेवटची सुई दिली. तिने पाहुण्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तो तिच्या हाताचा वास घेत होता, आणि मग घेईनासा झाला.

घरी येऊन तिने एवढंच विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे काय? कुत्रंच होतं ते. आणि तूच तर सांगितलंस मिशांचं."

त्या आठवड्यात तिने शिंप्याच्या ओळखीने एक खोली पाहिली. जिन्याखालची, खिडकी नसलेली, छताला ओल. भाडं तिच्या पगाराहून जास्त. ती परत आली आणि भांड्यांना बसली.

पुढच्या रविवारी वहिनीच्या बहिणीकडे सगळे जेवायला गेले. गाडी झकास चालली, काटा जागचा हलला नाही. जेवताना दादाने गोष्ट रंगवून सांगितली: मिस्त्री कसा हरला, इंजिन कसं उगाच उघडलं, आणि शेवटी एका गावठी कुत्र्याने जीभ लावून गळती कशी दाखवली. त्याने झिंगलेल्या कुत्र्याची नक्कलसुद्धा केली. सगळी पंगत हसत होती.

"मग त्या कुत्र्याचं काय झालं?" त्या घरातल्या एका लहान मुलीने विचारलं.

"काय व्हायचं? गेलं. खरं की नाही गं, आत्या?"

सगळे तिच्याकडे बघत होते. घास तिच्या हातातच होता.

"खरं," आत्या म्हणाली, आणि सगळे बघत होते म्हणून तीही थोडी हसली.